दहापैकी आठ मार्क

दोन वर्षांपूर्वी मी एका फॅमिली ड्रामाला रिप्रेझेंटेशनसाठी, म्हणजे पडद्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं दिसतात का यासाठी, दहापैकी आठ मार्क दिले होते आणि स्वतःवर जाम खूश झाले होते. तेव्हा हा विषय माझ्या डोक्यात नुकताच शिरलेला, चार लेख वाचलेले, दोन भाषणं ऐकलेली, त्यामुळे सिनेमा लावला की मांडीवर वही आणि वहीत रकाने. बायका किती, त्यातल्या बोलणाऱ्या किती, साठीच्या पुढचे किती, गे किंवा लेस्बियन कुणी आहे का, अपंग कुणी आहे का, वेगळ्या वंशाचं, धर्माचं, भाषेचं कुणी आहे का, घरात कामाला असणाऱ्या बाईला नाव आहे की नुसतंच "अगं ए". सिनेमा बघणं कमी आणि जनगणना जास्त. सोबत बसलेले लोक वैतागायचे, पण मला वाटायचं आपण काहीतरी मोलाचं करतोय.

त्या सिनेमाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण त्याच्यात जगावेगळं वाईट असं काही नव्हतं, गडबड माझ्या वहीची होती. गोष्ट नेहमीचीच. वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होतायत, मोठं जुनं घर, चार दिशांनी मुलं गोळा होतात, चार दिवस राहतात, घर विकायचं की नाही यावरून तोंडं वाजतात, जुनी मढी उकरली जातात, शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात. पण माणसं बघा काय काय जमवलेली! मोठी मुलगी घटस्फोटित, धाकटा मुलगा त्याच्या जोडीदाराला, म्हणजे पुरुष जोडीदाराला, पहिल्यांदाच घरी घेऊन आलाय, मधली सून वेगळ्या वंशाची, एक नात दत्तक, वडिलांची बहीण जन्मापासून बहिरी, आणि वडिलांचं सगळं करायला चोवीस तास राहणारी एक बाई, परक्या देशातून आलेली. माझे रकाने भरून वाहायला लागले. दोन मार्क कापले ते तरी कशाचे, तर दिग्दर्शक पुरुष म्हणून एक आणि आत्याचं काम करणाऱ्या नटीला प्रत्यक्षात ऐकू येतं म्हणून एक. लेख लिहिला, लोकांनी वा वा केलं, संपला विषय.

आता, माझी मोठी बहीण बहिरी आहे. (आधी मी इथे कर्णबधिर लिहिलं होतं, ती म्हणाली सरळ बहिरी लिही, आपल्या घरात तोच शब्द आहे आणि मला त्याने काही होत नाही.) ती माझ्यापेक्षा जास्त सिनेमे बघते, सबटायटल्स असले तर, आणि चिरफाड माझ्यापेक्षा कितीतरी बरी करते. माझ्या लेखानंतर पाच-सहा महिन्यांनी तिने तो सिनेमा बघितला. रात्री साडेअकराला मेसेज, "तुझी आठ मार्कवाली आत्या दाराकडे पाठ करून का बसते?" दोन मिनिटांनी दुसरा, "आणि ती कधी रुसत कशी नाही?"

मी परत लावून बघितला. खरंच की. आत्याची खुर्ची खिडकीशी, तोंड बाहेर बागेकडे, पाठ दाराकडे. फ्रेम म्हणून बघाल तर सुंदर, संध्याकाळचा उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर वगैरे. पण ज्या माणसाला मागून येणारी पावलं ऐकू येत नाहीत तो स्वतःच्या घरात, स्वतः निवडलेल्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून बसेल कशाला? बरं तिच्याशी बोलायला जो येतो तो खिडकीपाशी उभा राहून बोलतो, म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागून, चेहरा काळा, ओठ दिसणार कसे? कॅमेऱ्याला आत्या सोन्यासारखी दिसते पण आत्याला समोरचा दिसत नाही, आणि हे सेटवरच्या एवढ्या माणसांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांचं सोडा, माझ्या आलं नाही! ताईच्या खोलीत पलंग, टेबल, सगळं अशा कोनात लावलेलं आहे की दार दिसतंच, आणि टेबलाशी बसल्यावर जेवढं दिसत नाही तेवढं कपाटाच्या आरशात दिसतं. मी त्या घरात वाढले. तो आरसा मला कायम ताईचा नट्टापट्टा वाटत आला.

हे काही एकट्या ताईचं खूळ नाही हे मला नंतर वाचून कळलं. वॉशिंग्टनला गॅलाउडेट म्हणून बहिऱ्या विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे, तिथे हॅन्सेल बाउमन या आर्किटेक्टने २००५ मध्ये डेफस्पेस नावाचं काम सुरू केलं, म्हणजे बहिरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या घरात जे करत आलीयत तेच कागदावर आणलं. बसायच्या जागा गोलात म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतील, रस्ते रुंद म्हणजे दोघांना चालता चालता एकमेकांकडे बघत बोलता येईल, चेहऱ्यावर सावली पडणार नाही असा उजेड. मला सांगा, हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यात बसलं असतं?

आणि हात. आत्या खुणांनी बोलते तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांवर जातो, कारण भावना म्हणजे डोळे असं सगळ्या सिनेमावाल्यांचं ठरलेलं असतं, आणि हात फ्रेमच्या खाली राहतात. म्हणजे वाक्य मधेच कापलं. खाली सबटायटल चालू असल्यामुळे ऐकणाऱ्या प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. वडिलांच्या भाषणात असा मधे मधे आवाज बंद केला असता तर लोकांनी वायफाय चेक केलं असतं.

तर ती वही. त्यातले रकाने मी काही घरी तयार केले नव्हते, त्यांना चांगला इतिहास आहे. सगळ्यात गाजलेली बेक्डेल टेस्ट, तर ती मुळात टेस्ट नव्हतीच, जोक होता. ॲलिसन बेक्डेलने १९८५ मध्ये तिच्या कॉमिक स्ट्रिपमधल्या एका बाईच्या तोंडी घातलं की मी सिनेमा बघते तो तीन अटींवर, त्यात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. पुढे ती म्हणते की या हिशोबात बसलेला शेवटचा सिनेमा मी बघितला तो 'एलियन'. एलियन १९७९ चा. म्हणजे सहा वर्षं बाईने सिनेमाच बघितलेला नाही, हा जोक. कल्पना मूळची लिझ वॉलेस या मैत्रिणीची, हे श्रेय बेक्डेलने कायम दिलंय. पण लोकांनी त्या जोकचा शिक्का बनवला, २०१३ मध्ये स्वीडनमधल्या काही थिएटरांनी तर पास होणाऱ्या सिनेमांना चक्क 'ए' रेटिंग (आपलं प्रौढांसाठीचं 'ए' नव्हे) द्यायला सुरुवात केली. ॲक्शनपटांना या टेस्टमध्ये घाम फुटतो हे खरं, पण फॅमिली ड्रामा ती झोपेत पास होतो हो. दोन बहिणी आईच्या आजारपणावर दोन मिनिटं बोलल्या की झालं, मग पुढचे दोन तास त्या भावांची भांडणं सोडवत बसल्या तरी चालतं.

त्यापेक्षा मला व्हिटो रुसो टेस्ट जास्त कामाची वाटते. सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्या व्हिटो रुसोच्या नावाने ग्लाड या एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये काढलेली. एलजीबीटी पात्र आहे हे स्पष्ट कळलं पाहिजे, त्या पात्राची ओळख तेवढीच असता कामा नये, आणि तिसरी अट खरी मजेची, ते पात्र काढून टाकलं तर गोष्टीला भगदाड पडलं पाहिजे. कॉमिक्स लिहिणाऱ्या केली सू डिकॉनिकने हेच बायकांच्या पात्रांबद्दल फार मस्त सांगितलंय, त्या बाईच्या जागी एक शोभेचा लॅम्प ठेवून बघा, गोष्ट तशीच चालत असेल तर परत लिहायला बसा. मग मी काय केलं, धाकट्या मुलाच्या जोडीदाराला मनातल्या मनात सिनेमातून उचललं. काय पडलं? एक प्रसंग पडला. टेबलाशी तो संकोचून उभा असतो आणि वडील शेजारची खुर्ची सरकवून "बस" म्हणतात, थिएटरात टाळ्या पडाव्यात असा प्रसंग. मला तेव्हा भरून आलं होतं, टिक मारताना वहीवर पाणी पडलं होतं खोटं कशाला सांगू. पण नीट बघितलं तर तो प्रसंग त्या मुलाचा नाहीच, वडिलांचा आहे. वडील किती मोठ्या मनाचे झालेत हे दाखवायला एक माणूस लागत होता म्हणून त्याला आणलेला. त्या "बस" नंतर तो बसतो आणि सिनेमा संपेपर्यंत बसलेलाच राहतो.

मोजणंच सोडून द्या असं माझं म्हणणं नाही हां, उलट मोजल्याशिवाय कळतच नाही. अभिनेत्री जीना डेव्हिस आपल्या लहान मुलीबरोबर पोरांचे कार्यक्रम बघत बसायची, तिच्या लक्षात आलं की यात मुली दिसतच नाहीत, इंडस्ट्रीतल्या लोकांना विचारलं तर सगळे म्हणायचे छे, तो प्रश्न सुटलाय आता. म्हणून तिने २००४ मध्ये संस्थाच काढली, आकडे तोंडावर फेकायला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टेसी स्मिथ आणि तिची टीम वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त चाललेल्या १०० सिनेमांतलं प्रत्येक पात्र मोजतात. प्रत्येक म्हणजे ज्याला नाव आहे किंवा ज्याने एक शब्द जरी उच्चारला आहे ते. आपल्या डोळ्यांना सवय झालेली असते, गर्दी पुरुषांची असली तरी आपल्याला ती नुसती गर्दी दिसते, त्यामुळे असा कोरडा हिशोब कुणीतरी ठेवायलाच हवा.

पण याच स्टेसी स्मिथचं एक म्हणणं मला फॅमिली ड्रामाच्या बाबतीत फार महत्त्वाचं वाटतं. ती सांगते की साधारण सिनेमात बोलणारी पात्रं ४० ते ४५ असतात, त्यातली गोष्टीच्या खरी कामाची ८ ते १०, उरलेली तिशेक म्हणजे वेटर, पोलीस, वकील, नर्स, त्यांच्या जागी जगात जशी माणसं आहेत तशी घ्या, कुणाची गोष्ट बिघडणार नाही. यातूनच ती इन्क्लूजन रायडर नावाची, मोठ्या नटांनी आपल्या करारात घालायची अट आली, २०१८ च्या ऑस्करला अभिनेत्री फ्रान्सिस मॅकडॉर्मंडने भाषणाच्या शेवटी नुसते तेवढे दोन शब्द उच्चारले आणि सगळे शोधत सुटले ते. थ्रिलरला, कोर्टाच्या सिनेमाला हे औषध लागू पडतं. फॅमिली ड्रामात मात्र ती उरलेली तिशेक माणसं जवळपास नसतातच. घर, आणि घरातली आठ-दहा माणसं. इथे नवं माणूस घ्यायचं म्हणजे ते पडद्याच्या मागच्या बाजूला उभं करून भागत नाही, त्याला घरात नांदवावं लागतं. ऑस्करवाल्यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ पासून ज्या अटी लावल्यात त्यांचंही तेच, चार निकषांपैकी कुठलेही दोन पुरे, आणि त्यातला एकच पडद्यावरच्या माणसांचा, बाकीचे पडद्यामागची टीम, इंटर्नशिप, मार्केटिंग, म्हणजे पडद्यावर काहीही न बदलता पास होता येतं. चांगलं आहे, लोकांना कामं मिळतात, पण आत्याच्या खुर्चीचं तोंड त्याने फिरत नाही.

आता ताईचा दुसरा मेसेज. ती कधी रुसत कशी नाही.

मी आधी वाचलं ते चिडत नाही असं. उत्तरही तसंच दिलं, की अगं ती एका सीनमध्ये भांडी आपटते ना. ताईचं उत्तर, "मी चिडण्याचं नाही म्हणत. रुसण्याचं म्हणतेय." आणि खुणांच्या भाषेतही हे दोन वेगळे आहेत, निदान आमच्या घरातल्या खुणांत तरी, चिडण्याला हात छातीवरून वर जातात आणि रुसण्याला हनुवटी खांद्याकडे वळते आणि हात गप्प पडतात.

त्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. चिडायला कोण लागतं? कुणीही. रस्त्यावरच्या माणसावरही चिडता येतं. पण परक्या माणसावर कधी कुणी रुसलंय का? रुसणाऱ्याने मनात धरलेलं असतं की हे घर माझं आहे, मी अबोला धरला तर कुणाला तरी चैन पडणार नाही, कुणीतरी दार ठोठावेल, समजूत काढेल, आणि नाही काढली तर मी अजून दोन दिवस ताणेन. फॅमिली ड्रामा सगळा यावरच तर चालतो. मानापमान, रुसवेफुगवे, मला आधी का नाही विचारलं, तिला मोठी खोली का दिली. हा सगळा कारभार काढून टाकला तर त्या सिनेमात काय उरेल, घराचे नकाशे?

मग मी वही काढली, तीच, आणि एकच रकाना आखला. कोण रुसतं? वडील रुसतात, अर्ध्या सिनेमाभर. मोठी मुलगी गाडीत जाऊन बसते. मोठा मुलगा वाटणीवरून दोन दिवस बोलत नाही. धाकटा बापावर वीस वर्षं रुसलेला आहे. आता उरलेले बघा. धाकट्याचा जोडीदार रुसत नाही. मधली सून रुसत नाही, तिला येता-जाता टोमणे पडतात तरी हसते. दत्तक नात रुसत नाही, अकरा वर्षांची पोर आणि रुसत नाही, हद्द आहे. सांभाळणारी बाई रुसत नाही. आत्या रुसत नाही. म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या नावापुढे मी टिक मारली होती ते झाडून सगळे समंजस! एका घरात दोन तऱ्हेची माणसं, एक भांडणारी आणि दुसरी भांडण सोडवणारी, आणि वेगळेपणा म्हणून आणलेलं प्रत्येक माणूस दुसऱ्या टेबलावर. पाहुणे. पाहुणा कसा, जे मिळेल त्यात खूश असतो.

स्टेला यंग म्हणून एक ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि कॉमेडियन होती, व्हीलचेअरवर असायची, २०१४ मध्ये गेली, फार लवकर गेली. अपंग माणसांना इतरांची उमेद वाढवण्यासाठी वापरायच्या सवयीला तिने इन्स्पिरेशन पॉर्न हा शब्द रूढ केला, २०१२ च्या लेखात आणि नंतर तिच्या गाजलेल्या भाषणात. म्हणजे सकाळी दात घासले तरी शाबास. फॅमिली ड्रामामध्ये याचा एक घरगुती अवतार असतो, तो म्हणजे सगळं समजणारं पात्र. बोलत नाही पण सगळं जाणतं. ऐकू येत नाही पण मनातलं ऐकतं (हे वाक्य मी त्या लेखात खरंच लिहिलं होतं, ताईने त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय).

लगेच कुणीतरी म्हणेल की चिडका, कडवट अपंग माणूस तर सिनेमात ढिगाने सापडतो, व्हीलचेअरवर बसून जगाला शिव्या देणारा, मग? बरोबर आहे, पण त्याचा राग बघा कशावर असतो, स्वतःच्या शरीरावर, नशिबावर, देवावर. आपल्या वाटचं जाकीट भावाने न विचारता घातलं यावर नसतो. मला वाटतं कारण जितकं क्षुल्लक तितकं ते माणूस घरातलं. मोठ्या दुःखाला कुणीही जागा देतं, फालतू कारणावरून तोंड फुगवायला जागा मिळणं हे खरं कठीण.

आणि अशी जागा देणारे सिनेमे आहेत, म्हणून तर हे बोलायला सुचतं. जपानी दिग्दर्शक ओझूची 'टोक्यो स्टोरी', १९५३ ची. म्हातारे आईवडील मुलांकडे येतात, मुलांना वेळ नाही, आणि लढाईत गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी त्यांचं सगळं प्रेमाने करते. नोरिकोचं काम करणारी सेत्सुको हारा अशी हसते त्यात की तिला देव्हाऱ्यातच बसवावं. दोन तास आपण तिला गुणी सून म्हणून बघतो. आणि शेवटाकडे, सासू गेल्यावर, सासरा तिचे आभार मानतो तेव्हा ती म्हणते की नाही हो, मी तुम्हाला वाटते तशी चांगली नाही, मी आपमतलबी आहे, तुमच्या मुलाची आठवणसुद्धा न येता माझे दिवस जातात. एवढंच. पण त्या वाक्यासरशी ती देव्हाऱ्यातून उतरून माणसात येते. गुणी माणसाला चांगुलपणाचा राजीनामा द्यायची संधी लेखकाने दिली, ७० वर्षांपूर्वी, कुठलीही चेकलिस्ट नसताना.

मेक्सिकोच्या क्वारोनचा 'रोमा', २०१८ चा, तो तर घरात राहून काम करणाऱ्या क्लिओचाच सिनेमा, दिग्दर्शकाने स्वतःला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईवर बेतलेला. त्यात सुरुवातीला एक प्रसंग आहे, घरचे सगळे टीव्ही बघतायत, क्लिओ सोफ्याशेजारी खाली बसते, मुलगा तिच्या गळ्यात हात टाकतो, ती पण हसतेय टीव्हीकडे बघून, आणि तेवढ्यात बाईसाहेब सांगतात की डॉक्टरांना, म्हणजे साहेबांना, चहा आण. ती उठते. मुलाचा हात गळ्यातून सुटतो. मी हे रिवाइंड करून तीनदा बघितलं. घरातलीच आहे म्हणणाऱ्यांच्या घरात ती नेमकी कुठे बसते हे कुणी न बोलता दाखवलंय. क्लिओ फार गप्प आहे, तिच्या मनातलं आपल्याला कळू देत नाहीत अशी तक्रार काहींनी केली आणि मला ती अर्धी पटते, पण मग शेवटी समुद्रावर तिच्या तोंडून निघतं की मला ती मुलगी नकोच होती, तिचं मृत जन्मलेलं बाळ. असलं वाक्य सोशिक बायकांना कुणी लिहून देत नाही सहसा.

आणि 'कोडा'. हा ताईचा आणि माझा भांडणाचा विषय. २०२२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, ट्रॉय कोत्सुरला सहायक अभिनेत्याचं, अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला बहिरा पुरुष. त्याच्या बायकोच्या भूमिकेतल्या मार्ली मॅटलिनला १९८७ मध्येच मिळालेलं, वयाच्या २१ व्या वर्षी. ज्या फ्रेंच सिनेमावरून कोडा केला त्यात बहिऱ्या आईबापाची कामं ऐकू येणाऱ्या नटांनी केली होती, म्हणजे माझ्या वहीप्रमाणे केवढी सुधारणा. ताईचं म्हणणं, बहिऱ्या घरावर सिनेमा काढला आणि हिरोइन कोण, तर घरातली एकमेव ऐकू येणारी मुलगी, आणि तिचं स्वप्न काय, तर गाणं! काही बहिऱ्या समीक्षकांनीही यावर बोट ठेवलं होतं, शिवाय जिथे तिथे मुलीलाच दुभाषी म्हणून नेतात यावरही. पण ताईला त्या सिनेमात एक माणूस मनापासून आवडतो, मोठा भाऊ लिओ. तो रुसलेला आहे. आणि कारण किती घरगुती, मी मोठा, मासेमारीची बोट मला चालवता येते, आणि घरात विचारतात कुणाला तर हिला. बहिणीला तो एकदा सांगतो की तू जन्मायच्या आधी आपलं घर व्यवस्थित चाललं होतं. ते ऐकून, म्हणजे वाचून, ताईने पॉज केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. आईबाबा बँकेत जाताना, डॉक्टरकडे जाताना, पाहुणे आल्यावर, कायम मला पुढे करायचे, मी नऊ वर्षांची असल्यापासून.

इथे मला सिनेमाचं सोडून बोलावं लागेल थोडं.

आमच्याकडे सगळे जमले की टेबलाभोवती सात-आठ जण, एकाच वेळी तीन विषय. ताई एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर नजर फिरवत राहते, कुणाचा हात तोंडासमोर, कुणी मान वळवलेली, आणि तिची नजर पोचेपर्यंत वाक्य संपून लोक हसायला लागलेले. मग ती माझा दंड धरते, काय झालं? आणि मी हसत हसत खूण करते, नंतर सांगते. कधी कधी, काही नाही गं, विशेष नाही. बहिऱ्या लोकांमध्ये या अनुभवाला नाव आहे, डिनर टेबल सिंड्रोम, मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते. नाव वाचलं आणि आधी आठवलं काय, तर त्या सिनेमातला टेबलाचाच प्रसंग. सगळे भांडतायत, कॅमेरा एकेका बोलणाऱ्यावर झपाझप फिरतोय, आणि आत्या कडेला, फोकसच्या बाहेर, शांत हसतेय. मी वहीत लिहिलं होतं, आत्या टेबलाशी आहे, टिक.

ताई हसत नाही अशा वेळी. एकदा, बाबांच्या साठीच्या वेळी, तिने तिसऱ्यांदा "नंतर सांगते" बघितलं आणि डोळे मिटले. बस, एवढंच. रागावली नाही, उठून गेली नाही, आमच्या मधोमध बसून डोळे मिटून घेतले. ऐकू येणाऱ्या माणसाला कितीही राग आला तरी कान मिटता येत नाहीत, दुसऱ्याचं चार शब्द कानावर पडतंच. तिने डोळे मिटले की दार बंद. खुणा करून उपयोग नाही, लाइट चालू-बंद करून उपयोग नाही, जमिनीवर पाय आपटला तर कळतं तिला पण ती उघडणार नाही. आईने खांद्यावर हात ठेवला, झटकला. एकेक करून सगळे गप्प झाले. शेवटी बाबा उठून तिच्या समोर जाऊन खाली बसले आणि तिचा हात घेऊन तळहातावर बोटाने काहीतरी लिहायला लागले, काय लिहिलं ते दोघांनीही अजून सांगितलेलं नाही. चांगली वीस मिनिटं गेली. मग तिने एक डोळा उघडला.

असा सीन मी अजून तरी पडद्यावर बघितलेला नाही. तो लिहायला लेखक बहिराच हवा असं मी म्हणणार नाही, पण निदान अशा घरात कुणावर तरी रुसलेलं किंवा कुणाचा तरी रुसवा काढलेलं माणूस लिहिणाऱ्यांच्या खोलीत हवं. नाहीतर आत्या खिडकीशीच बसणार.

जुन्या लेखातले मार्क मी काढून टाकलेत, किती केले ते विचारू नका, नवीन घातलेलेच नाहीत. हा लेख टाकायच्या आधी ताईला वाचायला पाठवला, निळ्या टिका आल्या आणि दीड दिवस काही नाही, मला वाटलं झालं, आता ही रुसली. काल रात्री उत्तर आलं, "आरशाचं बरोबर आहे, पण नट्टापट्टा पण करायचे. आणि मी डोळे मिटलेले एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा खरंच झोप लागली होती, तुम्ही उगाच अर्धा तास गप्प बसलात."